नदी गेली, नाव मागेच राहिलं

तिबेटमध्ये जाऊन ब्रह्मपुत्रेचा पत्ता विचारलात, तर लोक नुसते बघत राहतील. तिथं तिचं नाव यारलुंग त्सांगपो. हिमालयाला वळसा घालून अरुणाचलात उतरली की सियांग, आसामात ब्रह्मपुत्र (आणि तिथं ती नदी नव्हे हं, नद!), बांगलादेशात जमुना.

ही सगळी एकच नदी, हे ठरवायचं कसं? मधली दरी भयंकर खोल. म्हणून १८८० मध्ये सिक्कीमच्या किंथुपला एका लामाबरोबर तिबेटात पाठवलं. खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे. ते आसामात वाहत आले की झालं सिद्ध! पण त्या लामानं किंथुपला चक्क गुलाम म्हणून विकून टाकलं. किंथुप निसटला आणि त्यानं रोज ५० असे ५०० ओंडके सोडलेच. ‘ओंडके येताहेत’ हे सांगणारं पत्र मात्र वेळेवर पोचलं नाही, त्यामुळे खाली पाहायला कुणीच नव्हतं. मला अजून हळहळ वाटते.

आता खरी गंमत. नकाशाकार जेम्स रेनेलच्या १७७९ च्या नकाशात ब्रह्मपुत्र बांगलादेशातल्या आजच्या मैमनसिंह शहराजवळून वाहते. आज तिथं गेलात तर एक रोडावलेला प्रवाह दिसेल. त्याला म्हणतात जुनी ब्रह्मपुत्र! मग एवढं पाणी गेलं कुठं?

ही नदी हिमालयातून ढिगानं गाळ आणते. उतार कमी झाला की तो खाली बसतो, पात्र उथळ होतं, आणि पाणी दुसरी सखल वाट शोधतं. त्यात १७८७ मध्ये मोठा पूर आला. तोवर गंगेला मिळणारी तीस्ता नदी वळली आणि ब्रह्मपुत्रेत घुसली. पुढच्या काही दशकांत मुख्य धार पश्चिमेच्या एका लहानशा ओढ्यात शिरली. तोच फुगून आजची अफाट जमुना झाला. जुन्या वाटेजवळच्या मधुपूरची जमीन हळूहळू उचलली गेली, हेही एक कारण असावं, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं.

जमुनेची खोड गेलेली नाही. ती काठ खाते, वाळूची बेटं घडवते, मोडते. त्या बेटांना ‘चर’ म्हणतात. चरावरची माणसं पत्र्याची घरं बांधतात. काठ ढासळू लागला की पत्रे सोडवून नावेत घालायचे आणि दुसरा चर गाठायचा. १९९८ मध्ये तिच्यावर जवळजवळ ५ किलोमीटरचा पूल झाला, तेव्हा इंजिनिअरांनी दोन्ही काठांना भक्कम बांध घालून आधी नदीलाच जागेवर धरलं. नाहीतर पूल उभा राहायचा आणि जमुना बाजूनं निघून जायची!