कोपराचे हाड उघडे पडले तर

कुरुळी-चाकण पट्ट्यात आपली माणसे प्रेसवर काम करतात, पुणे-नाशिक रस्त्याने दुचाकीवरून ये-जा करतात. दोन्हीकडे कोपराला मार बसतो. तिथली कातडी पातळ, खाली मांस कमी. खोल जखमेत हाड किंवा सांधा लगेच उघडा पडतो.

उघड्या हाडावर मांडीची पातळ कातडी नुसती लावून भागत नाही. तिला खालून रक्त मिळत नाही, ती मरते. म्हणून प्लास्टिक सर्जन ‘फ्लॅप’ करतात, म्हणजे रक्तवाहिनीसकट कातडी किंवा स्नायू वळवून जखमेवर आणतात. लहान जखमेला कोपराजवळचा छोटा स्नायू पुरतो. मध्यम जखमेला दंडाच्या बाहेरच्या बाजूची किंवा कोपराखालची कातडी घेतात, फार मोठीला पाठीचा रुंद स्नायू. कधी हात सुमारे तीन आठवडे पोटाला जोडून ठेवतात. त्यात कोपर आखडण्याची भीती जास्त.

फ्लॅप रक्तावर जगतो. तंबाखू, मशेरी, विडी रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही बंदच ठेवूया. फ्लॅप थंड, पांढरा किंवा काळानिळा दिसला तर त्याच क्षणी नर्सला सांगावे. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुखले तरी व्यायाम सोडू नये.

अपघात कामावर झाला असेल तर त्याची नोंद कारखान्यात करून घ्यावी. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगाराला, कंत्राटी असला तरी, उपचार आणि कामावर जाता येत नाही त्या दिवसांची सरासरी मजुरीच्या ९० टक्के भरपाई मिळते. ही भीक नाही, आपला हक्क आहे.