फेऱ्यांचा हिशोब

‘पायथन हळू, सी वेगवान’ हे वाक्य संगणक शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी इतके रुळले आहे, की त्यामागचे कारण सहसा कोणी विचारत नाही. आकडेमोडीच्या कामात ते बरेचसे खरेही आहे. फाइल वाचताना मात्र भाषेपेक्षा वाचण्याची रीत अनेकदा अधिक निर्णायक ठरते, असे मला दाखवायचे आहे.

चिखली तालुक्यातले उंद्री हे माझे गाव. सोयाबीनच्या या मुलखात शेतातला माल कोणी ओंजळीने घरी नेत नाही; पोती भरतो. माल तेवढाच, फेऱ्या कमी. संगणकात प्रोग्रामला फाइलला थेट हात लावता येत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करावी लागते, आणि एक बाइट मागितला तरी त्या मागणीचा ठरावीक खर्च चुकत नाही. म्हणून एकदम मोठा तुकडा आणून मेमरीत ठेवायचा आणि त्यातून लागेल तसे घ्यायचे. या तात्पुरत्या साठ्याला बफर म्हणतात.

एक कोटी बाइटांची फाइल घेऊ. एकेक बाइट आणला तर एक कोटी फेऱ्या. 8192 बाइटांचा बफर असेल तर 1221. एका फेरीला पाव मायक्रोसेकंद धरला, तर पहिल्या रीतीत नुसत्या फेऱ्यांनाच अडीच सेकंद जातात. दुसरीत सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

गोंधळ होतो तो प्रत्येक भाषेची मूळ सवय वेगळी असल्यामुळे. पायथनमध्ये फाइल उघडली की बफर आपोआप मिळतो. सीमध्ये ‘गेटकॅर’ बफरमधून वाचते, ‘रीड’ थेट सिस्टीमकडे जाते. जावा, गो आणि रस्टमध्ये साधी फाइल उघडली तर बफर नसतो. तो वेगळा जोडावा लागतो. गोचा बफर मुळात 4096 बाइटांचा, रस्टचा 8192 चा. सी प्लस प्लसचे ‘सिन’ सीच्या वाचनाशी ताळमेळ राखत चालते. तो ताळमेळ बंद केला की बहुधा वेग वाढतो. त्यामुळे बेसावधपणे लिहिलेला रस्टचा प्रोग्राम साध्या पायथनच्या मागे पडू शकतो. प्रोग्रामिंगच्या स्पर्धेत उत्तर बरोबर असूनही वेळ संपल्यामुळे ते नाकारले जाते, तेव्हा विद्यार्थी भाषेला किंवा स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. दोष कित्येकदा वाचनाच्या एका ओळीत असतो.

मराठीच्या दृष्टीने यात आणखी एक मुद्दा आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘उंद्री’ या शब्दात उ, अनुस्वार, द, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. एकेक बाइट आणणाऱ्या प्रोग्रामला इंग्रजीतल्या एका अक्षराच्या जागी इथे तीन फेऱ्या पडतात. शिवाय 8192 ला तीनने पूर्ण भाग जात नाही. बफरची सीमा चिन्हाच्या मधोमध येऊ शकते, आणि उरलेले बाइट पुढच्या तुकड्याशी जोडले नाहीत तर अक्षर फुटते. मराठी ग्रंथांच्या मोठ्या फाइली हाताळणाऱ्याने वेगाइतकीच याचीही काळजी घ्यावी.

तुलना करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. एकदा वाचलेली फाइल सिस्टीम बहुधा मेमरीत राखून ठेवते, त्यामुळे दुसऱ्यांदा वाचणारी भाषा विनाकारण चपळ दिसते. प्रत्येक चाचणी अनेकदा घ्यावी, बफर सारखा ठेवावा, आणि मगच कोणती भाषा वेगवान ते ठरवावे.