स्वरांचा पाटकरी

सोलापूरला शांततेची फारशी सवय नाही. इथली मुले यंत्रमागाच्या खडखडाटात पाळण्यात झोपी जातात आणि माग थांबला की दचकून जागी होतात, असे म्हटले तर ती अगदीच थाप ठरू नये. अशा गावात कोणी घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा संसार थाटावा आणि त्यासाठी लागणारा इक्वलायझरही स्वतःच्या हाताने तयार करावा, हे ऐकून आपण हसाल. आमची गल्लीही हसली!

पण माझ्यापाशी कारण होते. वडिलांच्या एकादशीच्या भजनाची १९८६ सालची एकच कॅसेट घरात उरली होती. भिंतीपलीकडे माग चालू, अलीकडे भजन. आणि वर घरच्या विजेची अखंड गुणगुण. त्या गर्दीतून वडिलांचा आवाज मोकळा करायचा होता.

आता इक्वलायझर म्हणजे काय? पाटाच्या पाण्यावरचा पाटकरी आपण पाहिला असेल. पाणी एकच, पण दारे अनेक. हे दार थोडे उचलायचे, ते थोडे पाडायचे. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यांचे दहा वाटे करायचे: ३१, ६३, १२५, २५०, ५०० अशी दुप्पट करीत थेट १६,००० पर्यंत. म्हणजे दर वाटा एकेका सप्तकाचा. प्रत्येकाला एक सरकती दांडी. दांडी मधोमध असली की आवाज आला तसा जातो. पार वर नेली की त्या वाट्याचा जोर १२ डेसिबलने वाढतो, म्हणजे विजेचा दाब चौपट होतो. पार खाली आणली की चौथाई उरतो.

जुन्या अँप्लिफायरवरची 'बास' आणि 'ट्रेबल' ही दोन बटणे आठवतात ना? पीटर बॅक्झँडॉल ह्या इंग्रज इंजिनिअराने अशा बटणांची सुटसुटीत रचना १९५२ च्या ऑक्टोबरात 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापली आणि ती जगभर पसरली. माझी पेटी म्हणजे त्या दोन बटणांचाच वाढलेला गोतावळा.

पूर्वी अशा प्रत्येक वाट्यासाठी तांब्याच्या तारेचे वेटोळे लागे. खर्जाचे वेटोळे म्हणजे जड, महाग आणि आसपासची गुणगुण ओढून घेणारे. त्यावर उपाय निघाला तो जायरेटरचा. ही कल्पना फिलिप्स कंपनीतल्या बर्नार्ड टेलेगेन ह्यांनी १९४८ साली मांडली. एक ऑप-अँप, १,००० आणि १,००,००० ओहमचे दोन रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्या भांडवलावर १ हेन्रीच्या वेटोळ्याचे सोंग हुबेहूब वठते! मी टी. एल. ०७२ ही चिप वापरली. एका चिपमध्ये दोन ऑप-अँप असतात. त्यांना चालवायला अधिक १५ आणि उणे १५ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो ७८१५ आणि ७९१५ ह्या दोन रेग्युलेटरांतून मिळतो. सारा माल पुण्याच्या बुधवार पेठेत मिळाला.

पेटीची कथा निराळी. अशी यंत्रे ज्या मांडणीत बसवतात, तिची रुंदी १९ इंच आणि उंचीचा एक घर १¾ इंचाचा. पण माझ्या उभ्या दांड्या ६० मिलिमीटर लांब. त्या एका घरात मावेनात, म्हणून दोन घरांची, साडेतीन इंची पेटी ठरली. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा वाकवून घेतला. मागाचे सुटे भाग करणाऱ्या त्या कारागिराने पेटी उलटीपालटी करून विचारले, "मालक, ही गाणं म्हणती का?" मी म्हटले, "नाही, गाण्यातलं नको ते काढती." तो म्हणाला, "मग आमच्या मागाचंच काढणार की!"

गुणगुणीवर मात करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ट्रान्सफॉर्मर आवाजाच्या तारांपासून दूर ठेवावा. आतले अर्थिंग एकाच बिंदूला जोडावे. पण गुणगुण जाते म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नये. पत्र्याच्या पेटीत वीज उतरली, तर तीच पिन जीव वाचवते. मुख्य विजेची जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी.

पेटी तयार झाली. कॅसेट आधी काहीही न बदलता संगणकावर उतरवून ठेवली. मूळ प्रत शाबूत राहिलीच पाहिजे. मग दांड्या हलवू लागलो. विजेची गुणगुण ५० कंपनांची. ६३ ची दांडी खाली ओढताच ती पुष्कळशी विरली. हुरूप येऊन १२५ ची दांडी पाडली, तर पखवाजाची धुमच नाहीशी झाली आणि वडिलांचा आवाज कागदासारखा पातळ! धोट्याचा खडखडाट त्याहून चिवट. तो वरच्या कैक वाट्यांत पसरलेला, आणि शब्दांतली व्यंजनेही तिथेच राहतात. २,००० आणि ४,००० च्या दांड्या पाडल्या की माग शांत होई, पण अभंगाचे शब्दही बोबडे होत.

शेवटी आईला बोलावले. तिने दोन्ही प्रती ऐकल्या आणि म्हणाली, "माग काढलास तर हे दुसऱ्याच कुणाच्या घरी गात बसल्यासारखे वाटतात. राहू दे तो. गुणगुण तेवढी घालव." मी १२५ ची आणि वरच्या दांड्या मध्यावर आणल्या. तीच प्रत आम्ही घरोघर वाटली.

आपण म्हणाल, हे सारे संगणकावर फुकट होते, मग एवढा खटाटोप का? खरे आहे, होते. पण आपण जोडलेली दांडी बोटाखाली सरकते, तेव्हा कान तिच्याबरोबर सरकायला शिकतो. ज्यांना हा नाद लागेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: आधी कमी करून पाहावे, वाढवणे मागाहून. खोली घुमत असेल तर इक्वलायझरला दोष देऊ नये. भिंतीपासून वीतभर अंतरावर चुण्या पाडून जाड चादरी टांगाव्यात. वरच्या पट्टीचा घुमारा त्या शोषून घेतात, खर्जाला मात्र जुमानत नाहीत. चादरींची सोलापुरात वाण नाही. बाहेरगावच्यांनी येताना पाहुण्याकडून मागवाव्यात!