नाशिकची द्राक्षं आणि मुंबईचा पायलट

निफाड-दिंडोरीची द्राक्षं शीतकंटेनरमधून कसारा घाट उतरतात आणि न्हावा-शेव्याला जहाजावर चढतात. पुढचं सगळं कप्तानाच्या हाती, असं आपण नाशिककर धरून चालतो. पण धक्क्यापासून खुल्या समुद्रापर्यंत कप्तानाच्या शेजारी आणखी एक माणूस उभा असतो, बंदराचा पायलट. निर्यातीच्या आपल्या चर्चांत भाव येतो, शुल्क येतं. हा माणूस कधी येत नाही, याची मला खंत वाटते.

जहाजाचा ताबा कायद्याने कप्तानाकडेच राहतो. तो जग फिरलेला असला तरी इथला गाळ, खडक आणि ओढ पायलटलाच पाठ असते. मुंबईच्या इंदिरा गोदीचं उदाहरण घ्या. १९१४ साली सुरू झालेल्या या गोदीचा दरवाजा साडेतीस मीटर रुंद. अठ्ठावीस मीटर रुंदीचं जहाज आत घ्यायचं तर दोन्ही अंगांना उरतं सव्वा मीटर पाणी. जहाजाला ब्रेक नसतो. वेग मारायला इंजिन उलटं फिरवावं, तर बहुतेक एकपंखी जहाजांची पिछाडी डावीकडे सरकते आणि नाळ उजवीकडे वळते. ते वळण पायलट आधीच हिशेबात धरतो. ‘मिडशिप्स’, ‘डेड स्लो अहेड’ असे हुकूम तो शांतपणे देतो आणि सुकाणूवरचा खलाशी सुकाणूचा प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणतो. ऐकण्यात चूक झाली तर ती तिथेच कळावी म्हणून.

यातलं निम्मं ज्ञान कोकणच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हे गणित दर्यावर्दी घरातल्या पोरालाही येतं. उधाण कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, हे त्याला शिकवावं लागत नाही. रत्नागिरीकडचे खलाशी आणि सारंग ‘पी अँड ओ’च्या आगबोटींवर हयातभर राबले, पण अधिकाऱ्याची जागा त्यांच्या वाट्याला आली नाही. १९२७मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं आणि भारतीय मुलांना ती वाट खुली झाली. माझ्या मते आपल्या सागरी इतिहासात याहून मोलाची तारीख क्वचितच सापडेल. तरीही घराण्याच्या नावावर कुणी पायलट होत नाही. आधी जहाजावरची अधिकारपदाची वर्षं, मग जुन्या पायलटांबरोबर फेऱ्या, परीक्षा, आणि सुरुवातीला लहान जहाजंच.

सगळ्यात जोखमीचं काम मात्र सुकाणूपाशी नसतं. पायलटची लाँच चालत्या जहाजाला भिडते आणि वरून दोरशिडी सोडलेली असते. लाँच लाटेवर वर येते तेव्हाच पाय टाकायचा. खाली जाताना टाकला, तर पुढची लाट लाँच वर आणून पाय चिरडू शकते. जहाजाची कड पाण्यापासून नऊ मीटरहून उंच असेल, तर दोरशिडीला जहाजाचा जिना जोडावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पावसाळ्यात हे सगळं वाऱ्यात आणि अंधारातही करावं लागतं. चढण्याआधी पायलट विजेरीच्या उजेडात दोर आणि पायऱ्या तपासतो. दोर कुजका किंवा पायरी तिरकी दिसली तर तो चढायला नकार देतो, आणि शिडी नीट होईपर्यंत जहाज बाहेरच थांबतं.