सर ओवेन डिक्सन : कायद्याच्या चौकटीतला कट्टर माणूस

ऑस्ट्रेलियात 'हायकोर्ट' म्हणजे देशातलं सर्वोच्च न्यायालय. तिथे सर ओवेन डिक्सन 1929 ते 1964 अशी तब्बल 35 वर्षं न्यायाधीश होते, त्यातली शेवटची 12 वर्षं सरन्यायाधीश. वृत्तीने पक्के परंपरावादी. 1952 मध्ये सरन्यायाधीशपदाची शपथ घेताना त्यांनी स्वच्छ सांगितलं की, मोठ्या वादांत न्यायाधीशाला काटेकोर कायदेनिष्ठेइतका सुरक्षित आधार दुसरा नाही. समाज बदलणं हे कोर्टाचं काम नव्हे, असं त्यांचं मत.

आता त्यांची खरी कसोटी बघा. पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस तरुणपणी डिक्सन यांच्याच हाताखाली वकिली शिकलेले. मेंझीस सरकारने 1950 मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालणारा कायदा केला. डिक्सन यांना कम्युनिझमबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. तरीही 9 मार्च 1951 रोजी हायकोर्टाने 6 विरुद्ध 1 मतांनी तो कायदा रद्द केला आणि डिक्सन त्या सहा जणांत होते! आपल्या अधिकाराची हद्द सरकार स्वतःच ठरवू शकत नाही, हा त्यामागचा मुद्दा. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा क्षण.

आपल्याशीही त्यांचा संबंध आला. 1950 मध्ये काश्मीर प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ म्हणून ते आले, नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याशी बोलले. तोडगा मात्र निघाला नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, 1951 चं ते निकालपत्र मुळातून वाचाच.