वाशीचे कोबाल्ट आणि पुंजयामिकी

नवी मुंबईत वाशी येथे ‘ब्रिट’चा, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा, जो प्रकल्प २००० सालापासून मसाले निर्जंतुक करीत आहे, त्याचे सामर्थ्य कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकात आहे. त्याच्या अणुकेंद्रातील एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि बनलेले निकेलचे उत्तेजित केंद्रक १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा फोटॉन, म्हणजे प्रकाशाच्याच जातीचे ऊर्जाकण, सोडून स्थिरावते; ऊर्जेचे हे ठरावीक पायऱ्यांनी उतरणे पुंजयामिकीचे लक्षण होय. त्याहून विलक्षण हे की, एखादा अणू केव्हा क्षय पावेल हे सांगताच येत नाही, कारण प्रचलित मांडणीनुसार निसर्गात केवळ त्याची संभाव्यता ठरलेली असते. तरीही अगणित अणूंपैकी निम्मे ५.२७ वर्षांत क्षय पावतात, इतके नेमके की मसाला किरणांसमोर किती वेळ ठेवायचा, हे त्यावरून आखता येते.