रुग्णाची घाई, वैमानिकाचा निर्णय

२५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून एका अत्यवस्थ तरुणाला दिल्लीस आणणारे विमान फरिदाबादच्या पर्वतीय कॉलनीत घरांवर कोसळले. विमानातील सातही जण गेले. ज्यांचा या प्रवासाशी काडीचाही संबंध नव्हता, अशी वस्तीतील तीन माणसेही गेली. पिलाटस पीसी-१२ हे विमान एका इंजिनाचे, म्हणून त्या एकाच गोष्टीवर ओरड झाली. चौकशीचा रोख मात्र खराब हवामान, नियंत्रणांची चुकीची हाताळणी आणि अंधारात वैमानिकाला होणारा दिशाभ्रम यांवर होता.

इंजिने दोन असती तरी हे तिन्ही धोके उरतातच. शिवाय रुग्णाचे प्राण कंठाशी आले असता, वादळ पाहून ‘आज उड्डाण नाही’ असे म्हणणे कोणत्या वैमानिकाला सोपे आहे? अमेरिकेतील अनेक हवाई रुग्णसेवांत उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाची अवस्था कळूच देत नाहीत. ही पद्धत निष्ठुर खरी, पण शहाणपणाची. आपल्याकडेही तिचा सक्तीचा नियम व्हावा. नातेवाइकांचे अश्रू आणि कंपनीचा हिशेब यांच्यासमोर नकार देणाऱ्या वैमानिकाला एकट्याने उभे राहावे लागू नये.